खरकटे, चूल आणि छातीचा खोकला

बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्याला लागून असलेल्या एका गावातील आजीबाई गेली कित्येक वर्षे आमच्या दवाखान्यात येतात. वय साठीच्या आसपास. तक्रार ठरलेली: "डॉक्टर, सकाळी उठलं की खोकला थांबत नाय. जिना चढला की धाप लागते." आयुष्यात विडीला हात लावलेला नाही, तंबाखूची मशेरी तेवढी होती, तीही सुटली. क्षयाची तपासणी दोनदा झाली, दोन्ही वेळा काही निघाले नाही. शेवटी फुंकून पाहण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घेतली. फुप्फुसातील हवेच्या नळ्या कायमच्या अरुंद झालेल्या होत्या. तीस वर्षे विड्या ओढणाऱ्या माणसाच्या असतात तशाच.

मी विचारले, "आजी, घरात गॅस आहे ना?" म्हणाल्या, "हाय ना! सुनेच्या नावावर हाय." "मग चूल?" "चूल बी हाय. भाकरी चुलीवरच, डाळ चुलीवर, पाणी चुलीवर. गॅसवर चहा करतो आणि पाव्हणे आले की. सिलिंडर काय फुकट येतो व्हय?"

वाचकहो, या एका उत्तरात सारे काही आले. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली, घरोघर जोडण्या गेल्या आणि त्याचा फायदाही झाला. पण जोडणी असणे वेगळे आणि चूल विझणे वेगळे. सिलिंडर पुरवून पुरवून वापरायचा आणि बाकीचा स्वयंपाक काटक्या, गोवऱ्या, प्रसंगी प्लास्टिकच्या पिशव्या पेटवून करायचा, असे आमच्या भागातील पाड्यांवर आणि कडेच्या वस्त्यांतून सर्रास चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातील धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसे अकाली मरण पावली. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी एका सहकाऱ्यासह २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात, धूम्रपान न करणाऱ्यांनाही हा रोग होतो आणि त्याचे एक मोठे कारण चुलीचा धूर आहे, हे साधार मांडले. आम्हा डॉक्टरांना विद्यार्थिदशेत हा आजार म्हणजे विडीचा आजार असेच शिकवले होते. आजींसारख्या पेशंटना त्यामुळे आम्ही वर्षानुवर्षे नुसते 'दमा' म्हणून गोळ्या देत राहिलो, हे कबूल केले पाहिजे.

आजींना इनहेलर दिला. पण ज्या कारणाने नळ्या आखडल्या ते कारण रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास समोर धगधगत असताना इनहेलर किती पुरा पडणार? म्हणून आज औषधाऐवजी एका टाकीविषयी लिहितो आहे. खरकट्यापासून स्वयंपाकाचा गॅस करणारी टाकी.

दुसरे टोक माझ्याच दारात आहे. अंबरनाथमध्ये दवाखान्यासमोरच्या कोपऱ्यावर घंटागाडी येऊन गेल्यानंतरही पिशव्या पडतात. त्यात कालचा भात, भाजीचे देठ, आमटी, आंब्याच्या साली. अर्ध्या तासात कुत्री पिशवी फाडतात, माश्या बसतात, रात्री घुशी येतात. या तिघांची नावे मी केसपेपरवर रोज वेगळ्या शब्दांत लिहितो: कुत्रा चावला, जुलाब-विषमज्वर, लेप्टो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई-ठाण्याकडे लेप्टोची जी साथ आली, ती उंदीर-घुशींच्या मुतातून पाण्यात उतरलेली होती. १९९४ साली सुरतेत प्लेग आला तेव्हा कचरा आणि उंदीर यांचे नाते सगळ्या देशाला एका आठवड्यात कळले, आणि दुसऱ्या वर्षी विसरलेही गेले. २०१६ च्या नियमांपासून ओला आणि सुका कचरा वेगळा देणे बंधनकारक आहे. किती घरांतून तसा जातो, हे वाचकांनी स्वतःच्या ओट्याखाली डोकावून ठरवावे.

म्हणजे एका घरात जळणाची ददात आणि दुसऱ्या घरात जळण होऊ शकेल असा माल पिशवीत बांधून रस्त्यावर, अशी ही गंमत आहे.

<b>टाकी म्हणजे पोटच</b>

उल्हासनगरला वालधुनीच्या पुलावर उभे राहिलात तर काळ्या पाण्यातून मधूनच बुडबुडे वर येताना दिसतात. त्यातील पुष्कळसा वायू तळाच्या गाळात कुजणाऱ्या पदार्थांपासून तयार झालेला असतो. दलदलीतला असाच वायू व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने १७७६ साली गोळा करून पेटवून दाखवला. त्याला मिथेन म्हणतात. हवा मिळाली नाही की काही विशिष्ट जंतू अन्नाचे तुकडे करतात, त्यांची आम्ले बनवतात, आणि जंतूंची दुसरी जात त्या आम्लांचा मिथेन करते. गाईम्हशींच्या पोटात हेच चालते. आपल्या मोठ्या आतड्यातही थोडेफार चालते, वाटाण्याची उसळ खाल्लेल्यांस सांगणे न लगे.

आपल्याकडे हे काही नवे नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्याच्या टाकीतील वायू दिव्यांसाठी वापरला गेला होता. १९५१ च्या सुमारास जशभाई पटेल यांनी तरंगत्या झाकणाचा 'ग्रामलक्ष्मी' नावाचा गोबरगॅस संयंत्राचा नमुना तयार केला आणि पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने तो देशभर नेला. आमच्या पिढीने गोबरगॅस पाहिला तो हाच.

आमच्या व्यवसायातल्या एका माणसाचा उल्लेख येथे केल्यावाचून राहवत नाही. डॉ. सुहास मापुसकर १९६० च्या आसपास देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जंत, हगवण, पटकी यांवर गोळ्या वाटून काही होत नाही, लोक उघड्यावर बसतात तोवर रोग पुन्हा पुन्हा येणार, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या प्रयत्नांतून आधी बांधलेले संडास पहिल्या पावसाळ्यात ढासळले. तेव्हा ते कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांकडे शिकायला गेले आणि परत येऊन पुन्हा कामाला लागले. पुढे संडासाला जोडलेले 'मलप्रभा' नावाचे बायोगॅस संयंत्र त्यांनी तयार केले. २०१५ साली ते वारले आणि २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. एक एम.बी.बी.एस. डॉक्टर आयुष्यभर संडास बांधत राहिला, याचे आमच्या क्षेत्रात जेवढे कौतुक व्हायला हवे होते तेवढे झालेले नाही.

परंतु गोबरगॅसला गुरे लागतात. आमच्या पंचक्रोशीत गुरे राहिली कुठे? आजींच्याच गावात एका घरामागे जुन्या योजनेतला गोबरगॅसचा खड्डा आहे. म्हशी विकल्या, जागेचे भाव आले, आणि खड्ड्यात आता फुटक्या कौलांचा ढीग आहे. असे खड्डे गावोगाव सापडतील.

येथे पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांचे काम महत्त्वाचे ठरते. हे वनस्पतिशास्त्रज्ञ, महर्षी कर्व्यांचे नातू, इरावतीबाईंचे चिरंजीव. त्यांनी १९९६ साली समुचित ग्रामीण तंत्रज्ञानासाठी 'आरती' ही संस्था काढली. २००३ च्या सुमारास त्यांनी एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली. शेण म्हणजे काय? गाईने खाऊन, पचवून, त्यातील सत्त्व काढून घेऊन टाकलेला चोथा. पंगत उठून गेल्यावर उरलेल्या पत्रावळीत पोट भरायला किती असणार? मग त्या जंतूंना चोथ्याऐवजी सरळ जेवणच वाढले तर? पिष्टमय आणि साखर असलेले पदार्थ, म्हणजे शिळा भात, भाकरीचे तुकडे, पीठ, सडकी फळे, पेंड. कर्व्यांच्या मांडणीप्रमाणे शेणाच्या संयंत्रात ४० किलो शेण घालून ४० दिवसांत जेवढा मिथेन मिळतो, तेवढा अशा दोन किलो कोरड्या पिष्टमय मालातून एका दिवसात मिळतो. या कामासाठी संस्थेला २००६ साली लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला.

त्यांचे संयंत्रही आपल्याला ओळखीचे आहे. गच्चीवर असते तशी प्लास्टिकची पाण्याची टाकी, सुमारे हजार लिटरची, वरून कापलेली. तिच्यात थोडी लहान, साडेसातशे लिटरची टाकी उपडी घातलेली. खालच्या टाकीत काला, वरची टाकी गॅस जमेल तशी वर उचलली जाते. सकाळी टाकी वर आलेली दिसली की समजायचे, आज स्वयंपाक होणार. तिच्यावर एखादा दगड ठेवला की गॅसला दाब मिळतो. एका नळीतून खरकटे आत, दुसऱ्या नळीतून स्लरी बाहेर, आणि वरून एक रबरी नळी शेगडीकडे. तोटी-नळाचे काम करणारा कोणताही हुशार प्लंबर दोन दिवसांत हे जोडू शकतो.

मोठ्या प्रमाणावरचे काम भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' या नावाने केले. त्यात खरकटे आधी मिक्सरमधून काढून, गरम पाण्याबरोबर हवेत कुजवून मग बंद टाकीत सोडतात. आपल्या नेरळच्या वरच्या माथेरानला नगरपरिषदेने हॉटेलांच्या ओल्या कचऱ्यासाठी याच पद्धतीचा प्रकल्प उभारला होता. माथेरानला मोटारी नाहीत, कचरा डोंगराखाली न्यायचा तर घोडा किंवा हातगाडी, तेव्हा त्यांना त्याची निकड अधिक होती.

<b>आमच्या टाकीचे अजीर्ण</b>

दुसऱ्याला सांगण्याआधी आपण करून पाहावे, म्हणून सात-आठ वर्षांपूर्वी घराच्या मागच्या मोकळ्या जागेत अशी एक टाकी बसवली. तबेल्यातून शेण आणून पाण्यात कालवून भरले. पहिले दोन आठवडे काही नाही. मग वरची टाकी उचलली गेली, मी मोठ्या ऐटीत काडी ओढली आणि काडीच विझली. सौभाग्यवती हसल्या. सुरुवातीच्या गॅसमध्ये कर्बवायूच जास्त असतो, तो पेटत नाही, सोडून द्यायचा असतो, हे मला वाचून ठाऊक होते पण आठवले नाही. तिसऱ्या आठवड्यात निळी ज्योत मिळाली. त्या दिवशीचा चहा साधाच होता, पण मी दोन कप घेतला.

पुढे चार महिने सगळे छान. मग घरात साखरपुडा झाला. पंगतीचे उरलेले श्रीखंड, बासुंदी, मसालेभात, जिलेबी, असे मिळून दहा-बारा किलो खरकटे मी एकाच दिवशी टाकीत ओतले. एवढे अन्न वाया घालवण्यापेक्षा गॅस तरी होईल, हा विचार. तिसऱ्या दिवशी शेगडी पेटेना. पाचव्या दिवशी आंबट, कुबट वास सुटला आणि शेजारच्यांनी भिंतीवरून विचारले, "डॉक्टरसाहेब, गटार तुंबलंय का?"

लघवी तपासण्याच्या पट्टीवर आम्लता दाखवणारा एक चौकोन असतो. मी ती पट्टी स्लरीत बुडवली. रंग थेट आम्लाच्या टोकाला. निरोगी टाकीचा पीएच साधारण सात असायला हवा. म्हणजे टाकीला सरळसरळ अॅसिडिटी झाली होती. आम्ल करणारे जंतू झपाट्याने वाढतात, मिथेन करणारे जंतू हळू. एकदम पंगत वाढली की पहिले जंतू आम्ल करून मोकळे होतात आणि दुसरे त्यात मरगळतात. उपचारही पोटाचेच केले: आठवडाभर लंघन, चुन्याची निवळी थोडी थोडी, आणि ताज्या शेणाच्या दोन बादल्या. बाराव्या दिवशी ज्योत परत आली. शेजारच्यांना मी पहिल्या भाज्या दिल्या, स्लरीवर वाढलेल्या दुधी भोपळ्याच्या. त्यांनी घेतल्या, पण नाक अजून लक्षात होते.

तेव्हापासून माझा नियम असा: टाकीला आजाऱ्यासारखे जेवण द्यावे. रोज, ठरलेल्या वेळी, सारखे आणि बारीक करून. सुरुवात दोनशे ग्रॅमपासून, मग दर चार दिवसांनी थोडे वाढवत न्यावे. तितकेच किंवा थोडे जास्त पाणी. भात, पोळी, भाकरी, सडका पपई, फणसाची चारखंडे, कलिंगडाच्या साली, ताकाचे पाणी, चहाचा चोथा चालतो. नारळाची शेंडी, हाडे, अंड्यांची टरफले, आंब्याची अख्खी कोय यांचे काही होत नाही, ती तळाशी बसून टाकी भरतात. लिंबाच्या साली आणि तळणाचे तेल बेताने. फिनाईल, साबणाचे पाणी बिलकूल नको. आणि हे एक डॉक्टर म्हणून: जुन्या गोळ्या टाकीत टाकू नका. एका ओळखीच्या गृहस्थांनी कपाट आवरताना मुदत संपलेल्या अँटिबायोटिक कॅप्सूल 'कुजतील' म्हणून आत घातल्या. जंतूच ते. गॅस कितीतरी दिवस बंद पडला आणि त्यांनी मला फोन करून विचारले, "टाकीला कोणतं टॉनिक देऊ?"

थंडीत गॅस कमी होतो, कारण हे जंतू साधारण ३५ अंशांच्या उबेत खुश असतात. बदलापूरकरांना डिसेंबर-जानेवारीत ते जाणवेल, तिथली थंडी आपल्या भागात प्रसिद्धच आहे. त्या दिवसांत टाकीला ऊन लागेल असे पाहावे आणि खाणे कमी करावे. भूक कमी असताना आपणही तेच करतो.

<b>किती गॅस, खरे सांगा</b>

हा प्रश्न हमखास येतो, आणि विक्रेत्यांची उत्तरे ऐकून लोक निराश होतात, म्हणून हिशेब मांडतो. चार माणसांच्या घरात रोज एक-सव्वा किलो ओला कचरा निघतो असे धरू. त्यातला निम्म्याहून अधिक भाग पाणीच. एक किलो अशा मिश्र कचऱ्यापासून साधारण शंभर लिटर बायोगॅस मिळतो. म्हणजे एका बर्नरची ज्योत अर्धा तास. सिलिंडरच्या हिशेबात रोज पन्नास ग्रॅम, महिन्याला दीड किलो. चाळीस दिवस चालणारा १४.२ किलोचा सिलिंडर सहा दिवस जास्त चालेल. एवढेच. फक्त घरच्या खरकट्यावर सारा स्वयंपाक होत नाही, तसे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

पण कर्व्यांच्या मांडणीतली मेख इथेच आहे. खरकट्यात पाणी फार, पिठात सत्त्व फार. पिठाच्या गिरणीत जमिनीवर सांडलेले पीठ, किड लागलेले धान्य, भाजी बाजारातील टाकाऊ बटाटे-रताळी यांची जोड मिळाली की हिशेब बदलतो. आजींच्या मुलाला मी हेच सांगितले. तो अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला आहे, हात हुशार. त्याने जुन्या टाक्या घेतल्या, प्लंबर मित्राला हाताशी धरले आणि अंगणात संयंत्र उभे केले. गावातल्या गिरणीवाल्याशी बोलून सांडलेले पीठ ठरवून घेतले. रोज पाऊण किलो पीठ आणि घरचे उष्टे-खरकटे यांवर त्यांना दीड तासाच्या आसपास ज्योत मिळते. तेवढ्यात भाकऱ्या आणि डाळ होते.

उल्हासनगरच्या बराकी आणि दाटीच्या गाळ्यांतून टाकी ठेवायला जागा नाही, हे मला ठाऊक आहे. तिथे एकेका घराने हा उद्योग करू नये. पण बदलापूर पूर्व-पश्चिमेला आणि अंबरनाथला ज्या नव्या सोसायट्या झाल्या आहेत, त्यांचे गणित निराळे. चाळीस सदनिका, प्रत्येकी पाऊण किलो, म्हणजे तीस किलो. त्यातून तीन घनमीटर गॅस, म्हणजे अकरा-बारा दिवसांत एका सिलिंडराएवढा. रखवालदाराच्या कुटुंबाचा स्वयंपाक त्यावर आरामात होतो. आणि तीस किलो ओला कचरा घंटागाडीत, तिथून डंपिंगवर, तिथून आगीच्या धुरातून पुन्हा आपल्याच खिडकीत येत नाही. डंपिंगवर कचरा दाबून ठेवला की तिथेही मिथेनच होतो, फक्त तो हवेत जातो किंवा पेटतो. वातावरण तापवण्यात मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कर्बवायूच्या अठ्ठावीस पट वाईट धरला जातो.

सोसायटीत संयंत्र बंद पडते ते यंत्रामुळे क्वचितच. उद्घाटनाला सगळे असतात, तिसऱ्या महिन्यात प्लास्टिक वेचायला कोणी नसते. घरातही तेच. आमच्या टाकीचे कौतुक मी करतो, पण साली बारीक चिरून रोज आत घालण्याचे काम पहिली दोन वर्षे सौ.च करीत होत्या, हे एका पाहुण्यांनी विचारल्यावर माझ्या ध्यानात आले. आता मी करतो. टाकी घेण्याआधी ती रोज कोण भरणार हे घरात ठरवावे, आणि ते उत्तर आपोआप सुनेच्या नावावर जाऊ नये.

<b>डॉक्टर म्हणून काही धोके</b>

चांगल्या गोष्टीचे धोके सांगितले नाहीत तर हा आरोग्याचा लेख होणार नाही.

पहिला, डास. दोन टाक्यांच्या मधल्या फटीत जे पातळ पाणी उघडे राहते, त्यात डासांच्या अळ्या होतात. डेंग्यू-मलेरियाने आधीच हैराण झालेल्या आमच्या भागात घरोघर नवी डासपैदास नको. त्या फटीवर नायलॉनची बारीक जाळी घट्ट बांधावी. पाण्याची वेगळी कड असलेला नमुना असेल तर त्या पाण्यावर आठवड्याला चार थेंब तेल सोडावे. स्लरीची बादली उघडी ठेवू नये.

दुसरा, आग. मिथेन हवेत पाच ते पंधरा टक्के मिसळला की ठिणगीने स्फोट होतो. नळीची गळती साबणाच्या फेसाने पाहावी, काडीने कधीही नाही. शेगडी खिडकीजवळ असावी. नळीत पाणी साचते, ते काढायला खालच्या बाजूस एक तोटी ठेवावी, नाहीतर ज्योत फुरफुरते.

तिसरा सर्वांत गंभीर. या गॅसमध्ये थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्याचा वास येतो तो. थोड्या प्रमाणात वास येतो हे बरेच, गळती कळते. पण प्रमाण वाढले की हा वायू नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो, माणसाला वाटते वास गेला, आणि पुढच्या क्षणी तो कोसळतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनीत टँकरमधून रसायन सोडले गेले आणि पहाटे शेकडो लोकांना गुदमरल्यामुळे रुग्णालयात न्यावे लागले. विषारी वायू किती जलद काम करतो हे त्या रात्री या गावाने पाहिले आहे. लहान घरगुती टाकी उघड्यावर असते, तिच्यापासून असा धोका नाही. पण सोसायटीच्या किंवा जुन्या गोबरगॅसच्या जमिनीतल्या टाकीत साफसफाईसाठी कोणीही, कधीही उतरू नये. आत एक माणूस पडला आणि त्याला काढायला दुसरा, तिसरा उतरला, अशा बातम्या वाचकांनी याच दैनिकात वाचल्या असतील. दोर, बाहेरची हवा आणि अग्निशमन दल, दुसरा मार्ग नाही. घरगुती शेगडीसाठी गॅसच्या वाटेत गंजलेल्या लोखंडी किसाची डबी बसवली की हा वायू बराचसा तिथेच अडतो. स्टीलची घासणी चालत नाही, ती गंजत नाही.

चौथा, हात. स्लरीत रोगजंतू राहू शकतात. फळझाडांना, दुधी-भोपळ्याच्या वेलाला पाणी मिसळून घालावी, कोथिंबीर-पालक-मुळा अशा कच्च्या खाण्याच्या भाज्यांवर नको. हाताळल्यावर साबणाने हात धुणे हे सांगायची गरज पडू नये, पण दवाखान्याचा अनुभव वेगळा आहे.

आता आजींकडे वळतो. टाकी सुरू होऊन दीड वर्ष झाले. अरुंद झालेल्या नळ्या पूर्ववत होत नाहीत, ते मी त्यांना आधीच सांगितले होते. पण मागील पावसाळ्यात त्यांना एकदाही रुग्णालयात भरती करावे लागले नाही, आधीच्या पावसाळ्यात दोनदा करावे लागले होते. इनहेलर त्या नियमाने घेतात, बहुतेक. गेल्या महिन्यात आल्या तेव्हा पदराला पुन्हा धुराचा वास होता. विचारले तर आधी गप्प, मग म्हणाल्या, "आंघोळीचं पाणी डॉक्टर. गॅस तेवढा पुरत नाय. पण ती चूल आता अंगणात काढलीय, आणि पेटवतो तो म्हातारा."

म्हाताऱ्याला पुढच्या वेळी बरोबर घेऊन यायला सांगितले आहे. त्यांचीही फुंकून पाहण्याची तपासणी करायची आहे.